उंबरठ्यापुरता पेहराव

नोकरीत पुढे जायचे असेल तर कपडे नीट कर, हा सल्ला ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरात पहिल्या मुलाखतीच्या आदल्या रात्री हमखास दिला जातो. त्यावर तितकेच हमखास उत्तर येते, की काम येत असले म्हणजे झाले, कपडे कोण बघतो? या वादात दोन्ही बाजूंकडे थोडे थोडे खरे आहे. कपडे बघितले जातात, आणि बघणाऱ्याच्याही नकळत बघितले जातात. पण त्यांचा सगळा जोर उंबरठ्यावर असतो. मुलाखतीची खोली, नव्या साहेबाची पहिली भेट, ग्राहकासमोरची पहिली बैठक, बदलीनंतरचा पहिला दिवस, अशा ठिकाणी समोरच्याला आपल्याबद्दल काहीच माहीत नसते, म्हणून आपल्याआधी आपला पेहराव बोलतो. सहा महिने शेजारी बसून काम केलेल्या माणसाला तो फारसे नवे काही सांगू शकत नाही. एवढे ध्यानात घेतले की कपड्यांवर किती पैसा आणि किती जीव खर्च करायचा याला मर्यादा घालता येते. आणि हा खर्च काही न सांगता कर्मचाऱ्याच्या माथी मारणाऱ्या ऑफिसांना जाबही विचारता येतो.

कपडे बघितले जातात याचा भक्कम पुरावा २०२० साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात आला. डाँगवॉन ओ, एल्डार शाफिर आणि अलेक्झांडर टोडोरोव या संशोधकांनी नऊ प्रयोग केले. लोकांना माणसांची छायाचित्रे दाखवायची आणि माणूस किती कर्तबगार वाटतो ते विचारायचे. चेहरा तोच, अंगावरचा कपडा मात्र एकदा बऱ्या परिस्थितीतला वाटणारा आणि एकदा जरा हलाखीतला. फरक बारीक होता, झगमगाट कुठेच नव्हता. तरीही बऱ्या कपड्यांतला तोच चेहरा लोकांना अधिक कर्तबगार वाटला. छायाचित्र सेकंदाच्या जेमतेम आठव्या भागापुरते दाखवले तरी निकाल बदलला नाही. कपड्यांकडे दुर्लक्ष करा असे बजावून पाहिले, त्या व्यक्तीच्या व्यवसायाची माहिती देऊन पाहिली, बक्षिसाचे आमिषही दाखवले. तो कल काही पुसला गेला नाही. गुणांची कदर व्हावी, कपड्यांची नव्हे, या तत्त्वाशी भांडण असण्याचे कारण नाही. पण मुलाखत घेणारा सज्जन असला, त्याने मनाशी ठरवले असले, तरी त्याच्या डोळ्यांना ते पूर्णपणे साधत नाही, असे हे प्रयोग सांगतात. सगळ्यांचे डोळे सुधारेपर्यंत थांबणे पंचविशीतल्या उमेदवाराला परवडणारे नाही.

पगाराशी जोडलेला पुरावा २०१६ सालचा आहे. जॅकलिन वाँग आणि अँड्र्यू पेनर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीची आकडेवारी तपासली. देखणे मानले जाणारे लोक इतरांपेक्षा जास्त कमावतात, हे आधीपासून ठाऊक होते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: यातला किती भाग जन्मजात रूपाचा आणि किती भाग टापटिपीचा, म्हणजे केस, कपडे, एकूण नीटनेटकेपणाचा? पुरुषांच्या बाबतीत सुमारे निम्मा फायदा टापटिपीचा निघाला. स्त्रियांच्या बाबतीत जवळजवळ सगळाच. अमेरिकेतले आकडे जसेच्या तसे डोंबिवलीला लावता येणार नाहीत, पण ज्या गोष्टीवर आपला ताबा आहे तिचा वाटा मोठा आहे, ही दिशा उपयोगाची आहे. ‘चांगले कपडे घातले की माणसाचे डोकेही चांगले चालते’ हा दावा मात्र जपून घ्यावा. २०१२ साली अॅडम आणि गॅलिन्स्की यांनी डॉक्टरचा पांढरा कोट घातल्यावर लक्ष अधिक एकाग्र होते असे दाखवले आणि ते जगभर गाजले. पुढे इतर संशोधकांनी त्यातला पहिला प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो निकाल हाती आला नाही.

पण आपल्याकडे हा विषय प्रयोगशाळेत सुरू झालेला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले, त्यात लुगडे कसे नेसावे हा एक मोठा मुद्दा होता. लुगडे नेसण्याची विशिष्ट पद्धत, गळ्यातले आणि हातातले जड दागिने ही तुमची जात लांबूनच सांगणारी खूण आहे. ती टाकून द्या, इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा, कपडा फाटका असला तरी चालेल पण तो स्वच्छ असू द्या, असा त्यांचा सांगावा होता. ते भाषण बढतीसाठी नव्हते, माणूस म्हणून उभे राहण्यासाठी होते, हे विसरता कामा नये. तरी त्यातले निरीक्षण आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. समाज माणसाला पहिल्या नजरेत जोखतो, ती नजर अन्यायाची आहे, आणि ती बदलण्याची लढाई चालू असतानाच तिच्या हाती आयता पुरावा द्यायचा नाही. स्वतः बाबासाहेबांनी सूट-बूट हा पोशाख इतक्या ठामपणे धारण केला, की आज गावोगावच्या पुतळ्यांतही तो त्यांच्यापासून वेगळा करता येत नाही. ज्या समाजाला नीट वस्त्र वापरण्याचीच मनाई होती, त्याच्यासाठी चांगला पोशाख म्हणजे दिखावा नव्हता. ‘कपड्यांत काय आहे’ असे सहज म्हणून जाणाऱ्याला बहुतेक वेळा कपड्यांवरून कोणी दारातून परतवलेले नसते.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही मराठीच आहे. १८८८ साली पुण्यात ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेशात गेले. भरजरी पोशाखांच्या त्या मेळाव्यात त्यांना दाखवायचे होते, की खरा देश असा दिसतो. मग आपणही मळक्या सदऱ्यात मुलाखतीला जाऊन व्यवस्थेला धक्का का देऊ नये, असे कोणी विचारील. फुले तिथे नोकरी मागायला गेले नव्हते. त्यांच्या नावाला तेव्हा वजन होते, जो वेश त्यांनी निवडला तो त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो शब्दांतही मांडण्याची संधी त्यांना त्या सभेत होती. आंबेडकर आणि फुले यांनी परस्परविरुद्ध कपडे निवडले, पण समोर बसलेला माणूस कपड्यांतून काय वाचणार आहे याचा पक्का अंदाज दोघांनाही होता. निष्काळजीपणाच्या बाजूने साक्ष द्यायला दोघांपैकी एकालाही बोलावता येणार नाही.

मोठ्या कंपन्यांचे मालक टी-शर्टवर फिरतात, हा आक्षेप याच मापाने मोजावा. ज्याचा दर्जा खोलीतल्या सर्वांना आधीच माहीत आहे, त्याला उंबरठाच उरलेला नसतो. इन्फोसिसने २०१५ साली रोजचा औपचारिक पोशाख सैल केला, तेव्हा आयटीतला काळ बदलला असे वाटले होते. पण कोविडनंतर ऑफिसात परतण्याच्या काळात, २०२३ साली, ठाण्यात मोठी कार्यालये असलेल्या टीसीएसने कर्मचाऱ्यांना पोशाखाचे नियम पुन्हा लिहून पाठवले. ठाण्याच्याच वागळे इस्टेटमध्ये पूर्वी कारखान्याचा गणवेश घालून पाळीवर जाणारा कामगार होता. त्याच रस्त्यांवर आता काचेच्या इमारतींत गळ्यात ओळखपत्र घातलेली मुले-मुली शिरतात. गणवेशाने एक गोष्ट सोपी केली होती: काय घालायचे ते कंपनी सांगत होती आणि बहुधा देतही होती. आता अनेक ठिकाणी ते ज्याचे त्याने ओळखायचे असते. ज्याचे आईवडील अशा ऑफिसांत काम करत होते त्याला ते घरात शिकायला मिळते. मुरबाड किंवा शहापूरकडून येणाऱ्या, घरातल्या पहिल्याच पदवीधराला ते सांगणारे कोणी नसते. माझ्या मते या विषयातला खरा अन्याय हा आहे.

सरकारने निदान लिहून सांगितले. ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाने राज्याच्या कार्यालयांत जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, शुक्रवारी खादी वापरावी असे ठरले. काही महिन्यांतच जीन्सवरची बंदी मागे घेण्यात आली. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी तशाच सूचना निघाल्या: पुरुषांनी शर्ट पँटमध्ये खोचावा, स्त्रियांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा घालावा. जीन्सबद्दलचा आक्षेप मला कधीच पटला नाही. कल्याणशेजारच्या उल्हासनगरात हजारो हात ज्या कापडावर पोट भरतात, ते कापड मुळातच अशोभनीय कसे? लिहिलेल्या नियमाशी मात्र भांडता येते, आणि जीन्सच्या बाबतीत तसे भांडून तो बदलूनही घेतला गेला. न लिहिलेल्या नियमात माणूस नापास होतो आणि का झाला हे त्याला कळतही नाही.

आता खर्चाचा आक्षेप. तो गंभीर आहे, कारण छायाचित्रांच्या त्या प्रयोगांत ‘बरे’ म्हणजे अधिक सुस्थितीतले असेच होते. तरी फरक बारीक होता, हे पुन्हा सांगायला हवे. आणि तो बारीक फरक आपल्याकडे ब्रँडपेक्षा मापातून, इस्त्रीतून आणि बुटांतून दिसतो. खांद्याची शिवण खांद्यावर बसली, पँटची लांबी बुटावर गोळा झाली नाही, कॉलर झिजलेली नाही, एवढ्याने बहुतेक काम होते. उल्हासनगरच्या गजानन मार्केट किंवा जपानी बाजारातून घेतलेला शर्ट गल्लीतल्या शिंप्याकडून अंगाबरोबर करून घेतला, तर तो मॉलमधल्या ढगळ शर्टापेक्षा चांगला दिसतो. मुलाखतीसाठी भाड्याचा किंवा उसना काळा सूट घालणे मला अनाठायी वाटते. कोकणपट्टीच्या दमटपणात तो माणसाला घामाघूम करतो, आणि घामाघूम माणूस घाबरलेला दिसतो. ज्या वकिली व्यवसायात काळा कोट सक्तीचा, तिथेही उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतरत्र उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही; ठाणे-कल्याणच्या कोर्टांत जी सवलत वकिलाला आहे ती उमेदवाराने स्वतःला द्यावी. फिक्या रंगाचे सुती किंवा सुती-मिश्र दोन-तीन शर्ट अथवा कुर्ते आणि गडद पँटी, एवढ्यावर पहिले वर्ष व्यवस्थित निघते.

पैशापेक्षा मोठी किंमत प्रवासाची आहे, आणि ती ठाणे-कल्याणच्या या पट्ट्यातल्या माणसाला भरावी लागते तशी दादर-माटुंग्याच्या माणसाला भरावी लागत नाही. डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढलेली परीटघडी मुंबईत पोचेपर्यंत मोडते. एसी लोकलने ती टिकते, पण त्या पासाला दुसऱ्या वर्गाच्या पासाच्या कितीतरी पट पैसे पडतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडून मेले. अशा गाडीतून रोज येणाऱ्या माणसाच्या शर्टाला पडलेल्या चुण्यांवरून जो साहेब त्याची शिस्त ठरवतो, त्याने ती गाडी एकदा तरी पकडून पाहावी. तोवर प्रवासी आपली सोय करतोच: प्रवासात टी-शर्ट, सॅकमध्ये गुंडाळी केलेला शर्ट, ऑफिसात ठेवलेला बुटांचा जोड, पावसाळ्यात मोज्यांची जास्तीची जोडी. ही सोय उत्तम आहे. फक्त ती करायला जागा हवी, आणि अनेक ऑफिसांत कपडे बदलायला स्वच्छतागृहाच्या ओल्या फरशीखेरीज जागा नसते.

स्त्रियांच्या बाबतीत हे ओझे दुप्पट होते. देखणेपणामुळे त्यांना कमाईत होणाऱ्या फायद्यात टापटिपीचा वाटा मोठा, म्हणजे त्यांच्याकडून होणारी अपेक्षाही मोठी. पुरुषाने चार शर्ट आलटून पालटून घातले तर कोणाच्या ध्यानात राहत नाही. बाईने तोच कुर्ता आठवड्यात दोनदा घातला की बोलले जाते. दुपट्ट्याचा उल्लेख सरकारी कागदातही येतो, आणि गर्दीच्या डब्यात तोच दुपट्टा कुठे ना कुठे अडकतो. टापटीप दिसणे आणि सतत नवे दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा आग्रह कामाच्या जागी समजू शकतो, दुसरीला कामाशी काही देणेघेणे नाही. बायकांनी ठरावीक चार-पाच पोशाख हाच आपला गणवेश मानावा आणि त्यावरच्या शेऱ्यांना उत्तर देऊ नये, असे मला वाटते. पण ते शेरे थांबवण्याची जबाबदारी त्यांच्यावर नाही, वरिष्ठांवर आहे.

आणि वरिष्ठांनी करण्यासारखे बरेच आहे. मुलाखतीच्या पत्रात पोशाखाबद्दल दोन ओळी मराठीत लिहाव्यात: काय चालेल, काय नको, टाय लागणार नाही. पहिली फेरी फोनवर किंवा लेखी घ्यावी, म्हणजे डोळ्यांच्या आधी कान आणि कागद निर्णय करतील. नव्याने रुजू झालेल्याला पहिल्या पगाराआधी कपड्यांवर खर्च करायला लावू नये. लॉकर आणि कपडे बदलण्याची एक कोरडी खोली द्यावी. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत आणि दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जी तरुण मुले इतक्या नेटकेपणाने सजून येतात, त्यांना पेहराव शिकवण्याची गरज नाही. या ऑफिसाला नेमके काय हवे आहे, एवढेच त्यांना आधी सांगायचे आहे.