संवाद ऐकू येत नाहीत? आधी कानांवर नको, सेंटर स्पीकरवर संशय घ्या

मागच्या भागात आपण टीव्ही भिंतीवर किती उंच लावायचा ते पाहिलं. त्यानंतर तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंत ते मात्र आवाजाबद्दल. बंगळुरूहून, भोपाळहून, कोलकात्याहून, शब्द वेगवेगळे पण तक्रार एकच: सिनेमात गाडी उडाली की शेजारी दार वाजवतो, आणि नायिका बोलायला लागली की आपण रिमोट शोधतो. होम थिएटर घेतलं, चांगले पैसे मोजले, पण संवाद काही कळत नाहीत.

आज यावरच बोलू. पण आधी एका घरची गोष्ट सांगतो, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे.

मी बडोद्यात राहतो, स्पीकर बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. गेल्या पावसाळ्यात दांडिया बाजाराजवळच्या एका मराठी घरातून फोन आला. मुलगा म्हणाला, "दादा, नवीन सिस्टिम बघायची आहे. जरा मोठी. बाबांना ऐकू येत नाही."

गेलो. काका ७८ वर्षांचे. मी पोचलो तेव्हा ते आतल्या खोलीत फोनवर कुणाशी तरी बोलत होते, अगदी नेहमीच्या आवाजात, समोरच्याला "काय? काय?" न करता. ते माझ्या मनात राहिलं. बाहेर सूनबाई सांगत होती, "सकाळच्या बातम्या त्यांना नीट ऐकू येतात हो. रात्री सिनेमा लावला की मग 'काय म्हणाला तो, काय म्हणाला' सुरू होतं. आता तर आमच्यात बसतच नाहीत. जेवण झालं की खोलीत जातात." नातू हसून म्हणाला, "आजोबांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं." कान तपासून झाले होते. डॉक्टरांनी वयाप्रमाणे थोडं कमी झाल्याचं सांगितलं होतं, आणि घरात कानाचं यंत्र घ्यायचं की मोठे स्पीकर, यावर चर्चा चालली होती.

मी दोनच प्रश्न विचारले. पहिला, सकाळच्या बातम्या कशावर लागतात? "टीव्हीवरच. सकाळी होम थिएटर कोण सुरू करतंय?" दुसरा, रात्री सिनेमा बघताना तुम्हाला तिघांना संवाद नीट ऐकू येतात का? यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "आम्ही खालची अक्षरं चालू ठेवतो ना."

म्हणजे बघा, संवाद कुणालाच ऐकू येत नव्हते. बाकीचे सबटायटल वाचत होते, आणि काकांना तेवढ्या लांबून ती अक्षरं वाचता येत नव्हती. इतकाच फरक.

आता हे कसं होतं ते समजून घेऊ. तुमच्या खोक्यावर ५.१ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ आवाजाच्या सहा वेगळ्या वाटा: पुढे डावा, पुढे उजवा, मधला म्हणजे सेंटर, बाजूचे किंवा मागचे दोन, आणि तो '.१' म्हणजे फक्त खालच्या घुमणाऱ्या आवाजासाठी सबवूफर. सिनेमाचा आवाज मिसळताना पात्रांचं बोलणं बहुतेक सगळं सेंटरच्या वाटेवर टाकतात, म्हणजे थिएटरात कुठेही बसलात तरी आवाज पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो. संगीत, पाऊस, गर्दी हे इतर वाटांवर पसरलेलं असतं. त्यामुळे सेंटर बंद पडला तर सिनेमा मुका होत नाही. गाणी दणक्यात वाजतात, दारं आपटतात, आणि बोलणं मात्र कुठून तरी लांबून, पुसट येतं. बिघाड झालाय असं वाटतच नाही. "हल्लीच्या सिनेमांत पुटपुटतातच" असं वाटतं. नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे कान गेलेत असं वाटतं.

मग काय करायचं? स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि रिमोट घ्या. रिसीव्हरच्या मेनूमध्ये स्पीकरच्या सेटिंगमध्ये 'टेस्ट टोन' असतो. काही रिमोटवर त्याचं वेगळं बटणच असतं. ते सुरू केलं की प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने 'स्स्स' असा आवाज येतो. हा आवाज रिसीव्हर स्वतः तयार करतो. तो टीव्हीतून येत नाही, सेट-टॉप बॉक्समधून नाही, कुठल्या ॲपमधून नाही. म्हणूनच तो इतका कामाचा. सगळे स्पीकर 'स्स्स' करत असतील तर स्पीकर आणि वायरी ठीक आहेत, गडबड रिसीव्हरच्या आधी, टीव्हीच्या बाजूला आहे. एखादा गप्प बसला तर गडबड रिसीव्हरच्या नंतर, त्याच वाटेवर आहे. एका मिनिटात अर्धं घर तपासून होतं.

त्या घरात मी टोन लावला. डावा बोलला. मग सेंटरची पाळी आली, आणि शांतता. मग उजवा बोलला.

सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या फळीवर होता, वायर जागेवर लावलेली दिसत होती. मागची चाप दाबून वायर बाहेर काढली. तांब्याची तार जेमतेम दोन मिलिमीटर सोललेली, आणि चाप प्लास्टिकवर घट्ट बसलेली. तांबं धातूला लागतच नव्हतं. कधी काढला होता हा स्पीकर? सूनबाईला आठवलं, दिवाळीच्या साफसफाईत. परत कुणी लावला? मुलगा काही बोलला नाही.

म्हणजे आठेक महिने.

वायर बोटाच्या पेरभर सोलली, तारा पिळून एकत्र केल्या, चापेत नीट घातल्या. एकही तार बाहेर राहू द्यायची नाही हं. लाल बाजूची एक तार जरी काळ्या बाजूला टेकली तर ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवायला बंद पडतो आणि पडद्यावर 'प्रोटेक्ट' असं काहीतरी लिहून येतं. तसं आलं तर सारखं चालू-बंद करत बसू नका. प्लग काढा, सगळ्या वायरींची टोकं तपासा, मग चालू करा.

कुणीतरी विचारेल, रिसीव्हरला कळलं कसं नाही? नाहीच कळत. मेनूमध्ये 'सेंटर आहे' असं लिहिलेलं असेल तर तो बिचारा बोलणं तिकडे पाठवत राहतो, पलीकडे कुणी ऐकतंय की नाही हे तो सिनेमा चालू असताना तपासत नाही. यातूनच एक युक्ती निघते. सेंटर खरंच जळला असेल आणि दुरुस्तीला आठवडा लागणार असेल, तर मेनूमध्ये 'सेंटर नाही' असं करा. मग रिसीव्हर बोलणं डाव्या आणि उजव्या स्पीकरमध्ये वाटून देतो, संवाद लगेच परत येतात. अगदी नवा घ्यायची घाई करायला नको.

त्या संध्याकाळी मी चहाला थांबलो. नातवाने सिनेमा लावला, अक्षरं बंद केली. काका बाहेर येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. दहा-पंधरा मिनिटांनी म्हणाले, "जरा हळू कर रे. बहिरा नाही मी."

कान तपासू नका असं मी म्हणत नाही. जरूर तपासा. पण टेस्ट टोन फुकट आहे, तो आधी लावा.

आता दुसरी बाजू. टेस्ट टोन सगळीकडे ऐकू येतो, पण सिनेमात मागचे स्पीकर मुके. असं असेल तर तुमच्याकडे पाचही वाटांचा आवाज पोचतच नाहीये, दोनच पोचताहेत. पहिलं, रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय लिहून येतंय ते वाचा. 'डॉल्बी' किंवा 'डीटीएस' असं असेल तर ठीक. 'पीसीएम' असेल तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जा. तिथे डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर असेल, तर ते 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास थ्रू' करा, तुमच्या टीव्हीत जे नाव असेल ते. टीव्हीतून एआरसीने किंवा ऑप्टिकलने जाताना पीसीएम म्हणजे साधारणपणे दोनच वाटा.

मग वायर. एचडीएमआय टीव्हीच्या 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या खाचेतच हवी, शेजारच्या खाचेत आवाज उलटा येणार नाही. आणि टीव्हीच्या मेनूमध्ये सीईसी नावाची सोय चालू हवी. तिला प्रत्येक कंपनीने आपापलं वेगळं नाव दिलंय, त्यामुळे शोधावी लागते. जुन्या रिसीव्हरला ऑप्टिकल वायर असेल तर ती साधं डॉल्बी डिजिटल ५.१ नेते, पण आजकालच्या ॲप्सवरचं डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून जात नाही. टीव्हीने ते आधी साध्या प्रकारात बदलून द्यावं लागतं. काही टीव्ही देतात, काही सरळ दोन वाटा करून टाकतात.

आणि हे करण्याआधीसुद्धा सिनेमाच्या ॲपमध्ये भाषेची यादी उघडा. पुष्कळदा मूळ भाषेच्या पुढे ५.१ लिहिलेलं असतं आणि आपण लावलेल्या डबिंगच्या पुढे काहीच नसतं. म्हणजे ते दोन वाटांचंच आहे. मग मागचे स्पीकर गप्प असणं हा बिघाड नव्हेच. तामिळनाडूतल्या एका मराठी कुटुंबाला मी फोनवर अर्धा तास वायरी तपासायला लावल्या होत्या, आणि शेवटी हे निघालं. तेव्हापासून हा प्रश्न मी आधी विचारतो.

सगळं चालू आहे, पण आवाज पोकळ वाटतो, बोलणं मधोमध न येता खोलीभर तरंगतं? मग पुढच्या एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलेली असू शकते. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. पारदर्शक वायरीच्या एका पदरावर रेघ असते. दोन्ही टोकांना रेघेचा पदर एकाच रंगाला लावा, झालं.

आणि ते सुरुवातीचं, गाडी उडण्याचं? सेंटर नीट चालत असूनही स्फोट मोठे आणि बोलणं बारीक वाटत असेल, तर मेनूमध्ये सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा, आणि रात्री 'नाइट मोड' लावा. तो मोठे आणि लहान आवाज जवळ आणतो. सेंटर स्पीकर फळीत आत ढकललेला असेल तर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा, आणि खाली असेल तर पुढची बाजू थोडी उचलून तोंड कानाकडे करा. कितीतरी घरांत तो आपल्या गुडघ्यांशी बोलत असतो, आणि त्याच्यापुढे शोभेचे हत्ती उभे असतात.

खोलीचं म्हणाल तर आपल्या घरांत खाली गुळगुळीत टाइल्स आणि समोर काच. बोलणं आपटून परत येतं. सोफ्यासमोर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा, एवढ्यानेही फरक पडतो. सबवूफर मात्र जागेवरच अवलंबून. १४ फूट लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये अडकतो, कुठे घुमतो, कुठे नाहीसाच होतो. जागा शोधायची तर सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, एखादं खालच्या सुरांचं गाणं लावा, आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे सूर साफ आणि एकसारखा ऐकू येतो तिथे सबवूफर ठेवा. घरचे हसतील. हसू द्या.

शेवटचं, आणि हे लक्ष देऊन ऐका. स्पीकरमधून सतत 'घूंऽऽ' असा आवाज येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तीच ऐकू येत असते. बहुतेक वेळा दोन उपकरणांचं अर्थिंग दोन वेगळ्या ठिकाणांहून आल्याने असं होतं. सगळं बंद करून केबल टीव्हीची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढा आणि परत चालू करा. घूं गेला तर ती वाट सापडली. केबलवाल्याकडून किंवा दुकानातून ग्राउंड लूप आयसोलेटर आणून मध्ये लावा. छतावरच्या डिशच्या वायरीला मात्र तो लावू नका, कारण त्या वायरीतूनच डिशला वीज जाते. टीव्ही, रिसीव्हर, बॉक्स सगळे एकाच बोर्डावर आणूनही पुष्कळदा काम होतं.

पण एक गोष्ट कुणी सांगितली तरी करायची नाही. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढायची नाही, की तीनाचा दोन करणारा तुकडा लावायचा नाही. घूं लगेच बंद होतो, म्हणून लोक करतात, काही मेकॅनिकही करून देतात. पण आत कधी वायर पत्र्याला टेकली तर तीच पिन तुम्हाला वाचवणार असते. मी असा प्लग पाहिला की आधी तो बदलतो, मग बाकीचं काम.

प्रश्न विचारताना तीन गोष्टी लिहा: टेस्ट टोन कुठल्या स्पीकरमधून आला नाही, रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय लिहून आलं, आणि टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत कुठली वायर आहे. पुढच्या भागात साउंडबारबद्दल बोलू. भेटू.