केळीला गोधडी कशासाठी?

थंडीच्या रात्री तुम्ही गोधडी अंगावर ओढता आणि थोड्याच वेळात ऊब येते. ही ऊब कोठून आली, सांगा पाहू. ‘गोधडीतून’ असे उत्तर मनात आले असेल, तर आज रात्रीच एक प्रयोग करा. प्रयोगशाळेतील साधा तापमापक (ताप मोजण्याचा नव्हे) खोलीत टांगून तापमान टिपून ठेवा. मग तोच तापमापक जाड गोधडीत नीट गुंडाळा आणि तासाभराने पुन्हा पाहा. खोलीचे तापमान बदललेले नसेल, तर पाराही जागचा हललेला दिसणार नाही.

गोधडीजवळ स्वतःची उष्णता नसतेच. ऊब तुमच्या शरीराची असते. गोधडी ती फक्त बाहेर जाऊ देत नाही. हे आपण शाळेत शिकतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. माझा एक जुना विद्यार्थीही ते विसरला, आणि त्याची शिक्षा त्याच्या केळीला भोगावी लागली.

हा विद्यार्थी मूळचा जळगाव जिल्ह्यातला. केळीच्या बागेत वाढलेला. आता तो इंग्लंडच्या दक्षिण भागात असतो. घरामागच्या तुकडाभर जमिनीत एक तरी केळ असावी, या हौसेने त्याने तेथील रोपवाटिकेतून रोप आणले. ही आपली खाण्याची केळ नव्हे. हिचे शास्त्रीय नाव मुसा बास्जू. हिला जपानी केळ म्हणतात, पण ती मूळची चीनची. फळे खाण्याजोगी नसतात. पाने मात्र आपल्या केळीसारखीच रुंद आणि देखणी. जपानी भाषेत या केळीला ‘बाशो’ म्हणतात. सतराव्या शतकातील प्रसिद्ध जपानी कवी बाशो याने आपल्या झोपडीजवळच्या अशाच केळीवरून हे नाव घेतले होते.

उन्हाळाभर केळ झपाट्याने वाढली. हिवाळा जवळ आला तसे विद्यार्थ्याने खोडाला जुनी कांबळी गुंडाळली आणि त्यावरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट आवळला. मार्चमध्ये त्याने ते सोडले, तेव्हा आत काळा, दुर्गंधी चिखल होता. त्याने मला कळवले, “सर, दोन कांबळी घालूनही केळ गेली. उद्या खणून टाकतो.” मी लगेच उत्तर धाडले, “जूनपर्यंत कुदळ लावू नकोस.” असे मी का सांगितले?

केळीचा जीव कोठे असतो?

ज्याला आपण केळीचे खोड म्हणतो ते खरे खोड नव्हेच. पानांचे देठ तळाशी पसरट होऊन एकात एक गुंडाळले जातात आणि त्यांचा हा खांब बनतो. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. नवी पाने जेथून निघतात तो वाढीचा कोंब, केळ फुलावर येईपर्यंत, कंदाच्याच माथ्यावर असतो. म्हणजे केळीचे डोके जमिनीत आणि हात आकाशात! पाने करपली, खांब कुजला, तरी कंद जिवंत असेल तर बाजूने मुनवे फुटतात.

आणि नेमकी जमिनीतच ऊब असते. उन्हाळाभर जमीन उष्णता शोषून घेते. माती उष्णतेची दुर्वाहक असल्याने ही उष्णता फार सावकाश बाहेर पडते. त्यामुळे हिवाळ्यात वरची हवा शून्याखाली गेली तरी वीतभर खोल माती सहसा त्याहून उबदार असते. आता विद्यार्थ्याची चूक ओळखा. गोधडीच्या आत उष्णतेचा उगम असेल तरच गोधडीचा उपयोग. माणसाला उगम त्याचे शरीर. केळीला उगम जमीन. त्याने खांबाला कांबळी घातली, पण पायाशी जमीन उघडीच ठेवली!

निरभ्र रात्रीचा धोका

उघडी जमीन रात्री किती निवते याची कल्पना आपल्याला महाबळेश्वरात येते. हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या परिसरात पहाटे दव गोठते. त्या वेळी माणसाच्या उंचीवरची हवा शून्याच्या वरच असू शकते. मग दव का गोठते? निरभ्र, निवांत रात्री गवत, पाने आणि जमीन प्रारणाने आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. आकाश ढगाळ असेल तर ढग खालच्या दिशेने प्रारण करून काही उष्णता परत देतात. म्हणून ढगाळ रात्र उबदार, तर चांदण्यांनी खच्चून भरलेली रात्र बोचरी असते.

पानांत बर्फ होऊ लागला की पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते, पेशींची आवरणे फाटतात आणि पान उकडल्यासारखे लोंबते. पाने गेली तर जाऊ द्यावीत. पण कंदाभोवती जमिनीवर पेंढ्याचा किंवा वाळलेल्या पाल्याचा वीत-दीड वीत जाड थर दिला, तर जमिनीची उष्णता आकाशाकडे पळत नाही.

ओली गोधडी

पेंढा ऊब राखतो तो त्याच्या काड्यांमुळे नव्हे, तर काड्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. पेंढा भिजला की हवेची जागा पाणी घेते, आणि पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या २० पटींहून अधिक आहे. शिवाय इंग्लंडचा हिवाळा पावसाचा. प्लॅस्टिकच्या घट्ट आवरणात केळीतून निघणारी वाफ आतच थिजते, कांबळी भिजतात आणि ओलाव्यात कुजवणाऱ्या बुरशी व जिवाणूंचे फावते. आमच्या मित्राची केळ थंडीने जेवढी गेली तेवढीच ओलीने गेली.

मग खांब राखायचा कसा? पहिल्या थंडीने पाने काळवंडली की ती कापून टाकतात. खांबाभोवती तारेच्या जाळीचे नळकांडे उभे करून त्यात कोरडा पेंढा सैल भरतात. वरून पाऊस जाऊ नये म्हणून झाकण ठेवतात, पण बाजू हवेला मोकळ्या सोडतात. तरीही एक मर्यादा लक्षात ठेवा. खांबाच्या वरच्या भागाला जमिनीची ऊब जवळजवळ पोचत नाही. तेथे पेंढा उष्णता देत नाही, तो थंडीला उशीर लावतो. एका रात्रीची थंडी अशा उशिराने टळते. ओळीने आठ-दहा दिवस गोठण चालू राहिली तर थंडी आत शिरतेच. तेव्हा खांब वाचला तर पुढच्या वर्षी केळ उंच होईल. न वाचला तर कंदापासून पुन्हा आरंभ.

ताडाचे डोके आकाशात

याच देशात ताडाच्या कुळातील एक झाडही उघड्यावर तग धरते. त्याला चुसान ताड म्हणतात. चीनमधून चहाची रोपे भारतात पाठवणाऱ्या रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४९ मध्ये त्याची रोपे इंग्लंडला धाडली. मोठे झाड उणे १० अंश सेल्सिअसची थंडीही सोसते. पण ताड-माडांचा वाढीचा कोंब एकुलता एक, आणि तोही शेंड्यात! जमिनीची ऊब तेथे पोचत नाही. तो कोंब मेला की झाड मेले. म्हणून केळीचे पाय झाकायचे, तर ताडाचे डोके सांभाळायचे. कडाक्याच्या थंडीत कोवळ्या ताडाची पाने वर गोळा करून सैल बांधतात. शेंड्यात पाणी साचून गोठू नये, हा त्यातला हेतू. झाड कोणतेही असो, आधी त्याचा जीव कोठे आहे ते शोधावे. गोधडीचा विचार नंतर.

तुम्ही करून पाहा

सारख्या आकाराचे तीन डबे घ्या. एक उघडा ठेवा, दुसऱ्याला कोरडे फडके गुंडाळा, तिसऱ्याला तेच फडके भिजवून गुंडाळा. तिन्हींत सारखेच गरम पाणी मोठ्यांच्या मदतीने ओता आणि झाकणे लावा. दर १० मिनिटांनी तापमान टिपून आलेख काढा. ओल्या फडक्याचा डबा उघड्या डब्यापेक्षाही लवकर निवला, तर त्याचे कारण काय? नुसत्या वहनाने उत्तर पुरे होणार नाही. माठातले पाणी आठवा.

आणि ती केळ? मेअखेरीस विद्यार्थ्याचे पत्र आले. कुजलेल्या खांबाशेजारी, उघड्या पडलेल्या मातीतून, बोटभर हिरवा मुनवा वर आला होता. यंदा त्याने कांबळी घरातच ठेवली आहेत आणि पेंढा आणला आहे.