दोरी आखूड, तरी बोया गाठतो कसा?

झोका टोकाला पोचला की क्षणभर थबकतो. मधोमध येताना मात्र सुसाट असतो. स्लॅलम वॉटर स्कीइंगमधला खेळाडू बोटीला बांधलेली दोरी धरून तिच्यामागे असाच झोका घेतो, फक्त आडवा, पाण्यावरून.

बोट मधल्या रेषेवरून सरळ जाते. खेळाडूला मात्र डाव्या-उजव्या बाजूच्या सहा बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना, एकाआड एक, बाहेरून वळसा घालायचा असतो. प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर. पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर. तो गाठला की दर फेरीला दोरी आखूड होत जाते: आधी १८.२५ मीटर, मग १६, आणि कसलेल्या खेळाडूंसाठी थेट १०.२५. म्हणजे दोरी बोयापर्यंत पोचतच नाही! मला या खेळातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

बोटीमागून आडवं जाताना खेळाडू बोटीच्या विरुद्ध दिशेला कलतो. स्कीची कड पाण्यात रुतते, पाणी तिला बाजूला ढकलतं, दोरी पुढे ओढते. या दोन्ही जोरांच्या चिमटीतून तो बोटीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने निसटतो, ओल्या बोटांत दाबलेली चिंचेची बी सुटावी तसा. मग तो कड बदलतो आणि त्याच वेगाच्या भरात जवळजवळ बोटीच्या बरोबरीला येतो. वळणावर एक हात सोडून दुसरा पूर्ण ताणतो, कंबर पाण्याला टेकेल इतकी झुकवतो. हात दोरीकडे, पाय बोयापलीकडे. कमी पडलेलं अंतर त्याच्या शरीराच्या लांबीने भरून निघतं.

इथे घाईने कोपर दुमडलं, की दोरी सैल पडते आणि पुढच्याच क्षणी खांद्याला जबर हिसका बसतो.