घराची किल्ली मुंबईस

मालवणात भाड्याने घर शोधण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांस एक उत्तर चांगलेच परिचयाचे असेल. बदली होऊन आलेला शिक्षक असो, रुग्णालयात नव्याने रुजू झालेली परिचारिका असो, की भावांपासून वेगळा राहू पाहणारा तरुण मच्छीमार असो. तो मेढ्यापासून वायरीपर्यंत पायपीट करतो. चिऱ्याच्या भिंतींची, नव्या रंगाची, फरशीच्या अंगणाची एकाहून एक देखणी घरे त्यास दिसतात. दारास मात्र कुलूप. शेजाऱ्यास विचारावे, तर तो तुळशीस पाणी घालता घालता म्हणतो, "चावी मुंबयक आसा."

परगावचा प्रवासी ही घरे पाहून या किनाऱ्यास श्रीमंत म्हणतो, व ते अगदीच खोटे नाही. परंतु ही श्रीमंती येथे पिकलेली नव्हे. एके काळी आगबोटीने मुंबईस उतरलेला आमचा गाववाला गिरणगावात ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत एका ट्रंकेपुरती जागा धरून राही, खानावळीत जेवी व उरेल ते मनिऑर्डरीने घरी धाडी. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचा तो आधार तुटला. तरी मुंबई सुटली नाही. गिरणीकामगाराची मुले बँकांत, कचेऱ्यांत, स्वतःच्या धंद्यांत शिरली आणि बापाने कौलांखाली सोडलेल्या घरावर त्यांनी स्लॅब चढविला. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. 2021 साली चिपीस विमानतळ झाला. 2023 पासून धावणाऱ्या वंदे भारत गाडीने मुंबईहून पहाटे निघालेला मनुष्य पावसाळ्याखेरीजच्या दिवसांत जेवणवेळेस कणकवलीस उतरतो. प्रवास सोपा झाला, की माणसे घरी राहू लागतील, अशी जी आशा होती ती मात्र फळली नाही. 2001 च्या शिरगणतीत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, ती 2011 साली 8,49,651 झाली. घरे वाढली आणि माणसे घटली!

अलिबागची गोष्ट वेगळी. 2020 साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून तिकडचा बंगलेवाला सकाळी मुंबईस जाऊन रात्री माघारी येऊ शकतो. मालवण मुंबईपासून पाचशे किलोमीटरच्या आसपास. येथील जा-ये दिवसाची नसून वर्षाची आहे. चतुर्थी, शिमगा, मे महिना आणि आंगणेवाडीची जत्रा, एवढे तिचे थांबे. आचऱ्यास गावपळणीची रूढी आहे: ठरावीक वर्षांनी देवाच्या कौलाने सारा गाव गुरेढोरे घेऊन वेशीबाहेर जातो व तीन दिवस राहून परत येतो. आमच्या शहरांतील कित्येक वाड्यांनी ही रूढी उलटी केली आहे; तेथे पळण अकरा महिन्यांची व वस्ती तीन आठवड्यांची.

यात कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. चाकरमान्याने घाम गाळून बांधलेले घर त्याने उघडे ठेवावे की बंद, हा त्याचा अधिकार आहे, हे आम्हीही मान्य करतो. परंतु ज्या वाडीत दहांपैकी सहा दारे बंद, तेथे शाळेचा पट कमी होतो, रात्री आजारी म्हातारीस दवाखान्यात नेण्यास माणूस मिळत नाही, आणि नगरपरिषदेत नळाच्या पाण्याची तक्रार घेऊन जाणारा उरत नाही. 2020 च्या चतुर्थीस मुंबईहून येणाऱ्यांस दहा दिवस अलग राहण्याची अट सरकारने घातली, तेव्हा एकाच आळीतील लोक एकमेकांकडे परक्यासारखे पाहू लागले होते, ते आम्ही विसरलो नाही. कायद्याची दृष्टी या बाबतीत चाकरमान्याच्या भावनेहून कठोर आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 20 वे कलम सांगते, की केवळ घर मालकीचे वा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी त्या मतदारसंघाचा सामान्य रहिवासी ठरत नाही.

मग घरे बंद का राहतात? पैशाच्या मस्तीने, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वकिलीच्या व्यवसायात आम्हास जे दिसले, त्यावरून याच्या मुळाशी दोन भये आहेत.

पहिले भय कुळाचे. 1948 चा कूळ कायदा व 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन यांची आठवण कोकणात तिसऱ्या पिढीसही पुसलेली नाही. कसणाऱ्याची जमीन झाली, हे न्यायाचेच झाले. पण त्यातून "दुसऱ्यास आत घेतले, की घर गेले" असा एक समज जो रुजला, तो निराधार आहे. तो कायदा शेतजमिनीचा. राहत्या घरास जेथे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, तेथे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्यास बाहेर काढण्याची स्वतंत्र तरतूद 24 व्या कलमात आहे. अट इतकीच, की 55 व्या कलमाप्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा. ही जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे प्रथमदर्शनी खरे धरले जाते. नोंदणीचा किरकोळ खर्च वाचविण्यासाठी तोंडी व्यवहार करणारे आमचे सावध लोक ज्या संकटास भितात, त्यास स्वहस्ते आमंत्रण देतात!

दुसरे भय याहून जुने, आणि ते म्हणजे भावाचे. एका घराचा कागद आमच्यापुढे आला, त्यावर सतरा नावे होती. त्यांतील चार मृतांची. छप्पर गळत होते. एक भाऊ खर्च करावयास तयार, पण "घर मग त्याचेच होईल" म्हणून दुसरा सही देईना. घरात राहून रोज देवास दिवा लावणाऱ्या विधवा चुलतीचे नाव त्या सतरांत नव्हतेच. अशी घरे शेवटी पडतात, किंवा कंटाळलेला एखादा हिस्सेदार आपला भाग परक्यास विकून मोकळा होतो. तशा खरेदीदाराने राहत्या घराच्या वाटपाचा दावा लावला, तर तो हिस्सा योग्य किमतीस स्वतः घेण्याचा हक्क 1893 च्या वाटप कायद्याने कुटुंबीयांस दिला आहे; पण हक्क बजावण्यास हाती पैसा व घरात एकी लागते. तारकर्ली-देवबागच्या बाजूस हे अधिकच जपावे लागेल. 1997 साली जिल्हा पर्यटनाचा म्हणून जाहीर झाला, आणि घरगुती न्याहारी-निवास चालविणाऱ्या कुटुंबांस त्याचा लाभ झाला, हे चांगलेच. परंतु माडाची बाग विकली गेली व तिला कुंपण पडले, की तिच्यातून पुळणीवर जाणारी वहिवाटीची वाट आखडते. आणि रापण ओढणाऱ्यास समुद्राइतकीच त्या वाटेची गरज असते.

चतुर्थीस सारे हिस्सेदार एका छपराखाली येतात. आरती आटोपल्यावर पत्त्यांचा डाव मांडण्याआधी एक रात्र कागद मांडावेत. मृतांच्या वारसांची नोंद करावी. वाटप ठरल्यास शेतजमिनीपुरता महसूल संहितेच्या 85 व्या कलमाखाली तहसीलदाराकडे अर्ज करावा, व घराचे वाटपपत्र रीतसर नोंदवावे. बहिणींस चहापाण्याच्या गडबडीत हक्कसोड पत्रावर सही करावयास लावण्याची जी चाल पडली आहे, ती सोडावी. महाराष्ट्राने 1994 साली व केंद्राने 2005 साली मुलीस मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हिस्सा दिला आहे. ज्या जिल्ह्यात 2011 च्या शिरगणतीप्रमाणे दर हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया आहेत, म्हणजे घरे ज्यांनी सांभाळली त्या कोण हे आकडाच सांगतो, तेथे तरी त्यांस सही करणारे बोट एवढ्यापुरते समजू नये.

आणि ज्यांस येत्या दहा वर्षांत परत राहावयास येणे नाही, त्यांनी घर शिक्षकास, परिचारिकेस, गावच्याच नव्या जोडप्यास राहण्यास द्यावे. करारात पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याचे काम कोणाकडे, विहिरीचे पाणी कोणी उपसावे, हे लिहून घ्यावे. देवघर व लगतची एक खोली मालकाने स्वतःकडे राखून ठेवली व चतुर्थीचे दिवस करारातच नमूद केले, तर त्यास कायद्याची कोणतीही हरकत नाही.