रानमेव्याची टोपली आणि आपला बांध



गळीत हंगाम आटोपला की आम्हा शेतकी खात्यातील माणसांना थोडी उसंत मिळते. यंदा मे अखेरीस मी थोरल्या बहिणीकडे बोरिवलीस गेलो होतो. मुंबईच्या उपनगरात शेतीचे काय शिकायला मिळणार, असे आपणास वाटेल. मलाही तसेच वाटत होते.

स्टेशनबाहेर एक आदिवासी बाई टोपली मांडून बसल्या होत्या. पानांच्या द्रोणांत करवंदे, जांभळे आणि आळू. हा आळू म्हणजे वडीचा नव्हे; काटेरी रानझाडाचे तपकिरी, आंबटगोड फळ. करवंदांचा भाव विचारला, तर "वीस रुपये द्रोण, दादा." आमच्याकडे पोरं ही फुकट खातात, असे मी सहज बोलून गेलो. त्या म्हणाल्या, "खात असतील. पण झाडं ठेवलीत का?"

प्रश्न मला लागला. कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सभासदाच्या बांधावर जांभळाचे मोठे झाड होते. सावलीने उसाच्या चार सऱ्या बारीक राहतात, तेव्हा ते काढा, असा सल्ला मीच दिला. झाड गेले. सऱ्या सुधारल्या, हेही खरे. पण त्या घरची म्हातारी दर साल मृगाच्या तोंडाला जांभळे विकून मीठ-मिरचीचा खर्च भागवायची, हे मला मागाहून कळले. मी उसाचा हिशेब केला, झाडाचा केला नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याबरोबर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलो. बोरिवली, मुलुंड आणि ठाणे यांच्यामध्ये सुमारे १०४ चौ. कि. मी. जंगल अजून उभे आहे. त्यात जांभूळ, उंबर, करवंद अशी कितीतरी फळझाडे आहेत. फळे पाखरे, माकडे, वटवाघळे खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. जंगलाची पेरणी अशी होते. म्हणून तिथले फळ तोडण्यास मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. त्या बाईंचा माल डहाणूकडून पहाटेच्या गाडीने आलेला होता. जांभूळ संध्याकाळपर्यंत खपले नाही तर दुसऱ्या दिवशी फेकावे लागते, असे त्या सांगत होत्या.

खरी अडचण हीच. रानफळ नाजूक, आणि येते तेही एकदम. उपाय म्हणजे प्रक्रिया, आणि तो आपल्या बायकांना आधीपासून ठाऊक आहे. कच्च्या करवंदाचे लोणचे, पिकल्याचा मुरंबा. जांभळाचे सरबत व शिरका. बियांची पूड आयुर्वेदिक औषधांत जाते. भोकर व रायआवळ्याचे लोणचे. कोकणात रातांब्याची साल आमसुलाला, रस सरबताला आणि बियांचे घट्ट तेल भेगांवर लावायला. काही वाया जात नाही.

या फळांना आता मानही मिळू लागला आहे. पालघरकडील बहाडोली आणि ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथील जांभळांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जांभळाची 'कोकण बहाडोली' आणि करवंदाची 'कोकण बोल्ड' ही जात दिली आहे.

मग ऊस काढून करवंदे लावायची काय? मुळीच नाही. पण प्रत्येकाकडे ऊस येत नाही अशी मुरमाड पड, ओढ्याचा काठ, विहिरीकडची वाट असतेच. करवंद मुरमात येते, पाणी मागत नाही आणि काट्यांमुळे कुंपणही होते. जांभूळ ओढ्याकाठी लावावे; त्याला ओल सोसते. आपल्याकडे वर्षातील बराच काळ सावली उत्तरेकडे पडते, तेव्हा झाड शेताच्या उत्तर कडेला, पलीकडे रस्ता किंवा ओढा असेल तिथे लावावे. शेजाऱ्याच्या पिकावर सावली टाकू नये. लवकर उत्पन्न हवे असेल तर कलम घ्यावे. रोपाला आठ-दहा वर्षे धीर धरावा लागतो. बी लावायचे तर फळ खाल्ल्यावर लगेच टाकावे. जांभळाचे बी वाळले की उगवत नाही.

कोकम मात्र कोकणच्या दमट हवेतले झाड. आपल्या कोरड्या शिवारात त्याचा हट्ट धरू नये.

त्या टोपलीतल्या जांभळांच्या बिया मी रुमालात बांधून आणल्या व घरी येताच पिशव्यांत लावल्या. बारा उगवल्या आहेत. त्यांतली दोन रोपे त्या म्हातारीच्या घरी, ओढ्याकाठी लावायला मी स्वतः घेऊन जाणार आहे. म्हातारी काय बोलेल ते ऐकून घेईन.

आपल्या शिवारात चांगल्या फळाचे जुने जांभूळ, करवंद किंवा भोकर असेल तर गट ऑफिसात कळवा. आणि बांधावरचे झाड तोडण्यापूर्वी घरातल्या बायामाणसांना एकदा विचारा. मी विचारले नव्हते.

— ऊस विकास अधिकारी