जुनी मोटार : इतिहासाचे एक चालते साधन

(द्वितीय वर्ष कला)

इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न परीक्षेत आला तर ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि पत्रव्यवहार ही उत्तरे आपण सारे झोपेतही लिहू. त्या यादीत मोटारगाडी मात्र कोणी घालणार नाही. वास्तविक जुन्या मोटारीवरही लेख कोरलेला असतो. तिच्यावरही काळाचे थर चढलेले असतात, आणि चुकीच्या हाती पडली तर शिलालेखाप्रमाणेच तीही पुसली जाते. माझे वडील गॅरेजमध्ये डेंटिंगचे काम करतात. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिली. वर्गात साधनचिकित्सा शिकले तेव्हा प्रथम लक्षात आले, की वडील रोज हातोडी घेऊन जे करतात त्याचेही या विषयाशी जवळचे नाते आहे. तेच येथे सांगण्याचा विचार आहे.

‘व्हिंटेज कार’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिकांची चकचकीत रोल्स-रॉइस येते. ब्रिटनमध्ये हा शब्द साधारणपणे १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांपुरता वापरतात. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. म्हणजे कायद्याला राजवाडा लागत नाही. वय आणि अस्सलपणा लागतो. या दृष्टीने आपली साधी फियाटसुद्धा या मानाची हक्कदार आहे. म्हणून उदाहरणही तिचेच घेते.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले. १९५० नंतरच्या दशकात आलेल्या गोल अंगाच्या, पुढची दारे उलटी उघडणाऱ्या गाडीला आपल्या लोकांनी ‘डुक्कर फियाट’ हे लाडके नाव दिले. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बँकेचे पाच हजार रुपये कर्ज काढून घेतलेली १९६४ ची फियाट दिल्लीच्या त्यांच्या स्मारकात आहे. त्यांच्या निधनानंतर ते कर्ज ललितादेवींनी फेडले. एका गाडीतून एका माणसाचा स्वभाव आणि एका काळाची ऐपत अशी कळते.

आता अशी गाडी पुन्हा उभी करायची म्हणजे काय? पहिले काम पान्ह्याचे नाही, वाचनाचे आहे. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावे लागतात. इंजिन क्रमांक जुळला नाही तर इंजिन मध्येच केव्हातरी बदलले गेले, हे समजते. नंबरप्लेटही बोलते. आजची ‘एमएच’ आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर, १९८९ पासूनची आहे. त्याआधीची प्लेट निराळ्या घडणीची असे. त्यानंतर जुने फोटो, कंपनीची माहितीपुस्तिका, सुट्या भागांची यादी आणि पहिल्या मालकाच्या घरच्यांच्या आठवणी. आमचे सर ज्याला अंतर्गत आणि बहिर्गत पुरावा म्हणतात, तो हाच.

सर्वांत बोलका पुरावा रंगात असतो. गेल्या वर्षी वडिलांच्या हाताखाली एक पांढरी फियाट आली. छपराच्या कडेला वॉटर पेपर घासताच पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा रंग निघाला. बाजूच्या पत्र्यावर तळाला काळा होता. पुढच्या डाव्या बाजूला गॅस वेल्डिंगने बुजवलेली भोके सापडली आणि छपरावर कॅरियरचे वण दिसले. वडील एवढेच म्हणाले, “ही टॅक्सी होती. मीटर इथे होता.” मालकाला ते ठाऊकही नव्हते. मी ते थर पाहिले आणि उत्खननाच्या धड्यातली थरांची आकृती प्रथमच खऱ्या अर्थाने समजली. दोन दिवसांत पत्रा साफ झाला आणि तो पुरावाही गेला. मी वहीत नोंद केली म्हणून एवढा तरी उरला.

पत्र्याचे काम दिसते तेवढे सोपे नाही. अनेक जुन्या गाड्यांची बॉडी वेगळ्या चासीवर बसवलेली असते. ती उचलून दोन्हींवर स्वतंत्र काम करता येते. फियाटमध्ये मात्र बॉडी हाच सांगाडा आहे. त्यामुळे तळाचा पत्रा किंवा दाराखालची पट्टी गंजली तर केवळ रूप जात नाही, गाडीचे बळ जाते. तेथे पुट्टी भरून रंग मारणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला रंग देण्यासारखे आहे. गंजलेला भाग कापून, त्याच जाडीचा पत्रा हाताने वळवून, आतून डॉली धरून बाहेरून हातोडीने बसवावा लागतो. पत्रा बसला की नाही हे वडील डोळ्यांनी नव्हे, तळहात फिरवून सांगतात.

पण किती दुरुस्त करायचे, हा खरा कूटप्रश्न आहे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘ट्यूरिन चार्टर’ मान्य केला. त्यामागे प्राचीन वास्तूंसाठीच्या १९६४ च्या व्हेनिस चार्टरची प्रेरणा होती. जेथे पुरावा संपून तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हे त्या परंपरेचे सूत्र आहे. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे १९२५ ची एक बुगाटी. जकात न भरल्यामुळे १९३६ मध्ये ती स्वित्झर्लंडमध्ये माजोरे सरोवरात बुडवण्यात आली आणि २००९ मध्ये वर काढली गेली. पुढच्या वर्षी पॅरिसच्या लिलावात तो गंजलेला सांगाडा दोन लाख साठ हजार युरोंना विकला गेला. घेणाऱ्याने तिला नवी न करता, आहे तशीच संग्रहालयात ठेवली. कारण गंज हाही तिच्या चरित्राचा भाग होता. अर्थात रस्त्यावर चालायच्या गाडीला हा न्याय पुरा लागू होणार नाही; ब्रेक जुने आहेत म्हणून पूज्य मानता येत नाहीत. मध्यममार्ग असा : सुरक्षिततेसाठी जे बदलावे लागेल ते बदलावे, काढलेला भाग जपून ठेवावा आणि काय बदलले ते लिहून ठेवावे.

निगा राखण्याविषयी थोडेसे. गाडी चालून झिजते त्याहून उभी राहून अधिक खराब होते. साठलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो, ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि टायर एकाच जागी चपटे होतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. तेव्हा त्या बदलणे भाग आहे. पंधरवड्यातून एकदा गाडी फिरवून आणावी, हे वडिलांचे औषध. नव्या नियमांत व्हिंटेज गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास प्लेट मिळते. तिचा रोजचा वा धंद्यासाठीचा वापर करता येत नाही; पण प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि तांत्रिक संशोधन यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. संशोधन हा शब्द कायद्यात आहे, हे आपण विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता मनातली खंत. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आणि लगेच पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, पहिल्या पद्मिनींना पन्नास वर्षे झाली! ज्या वेळी हे मॉडेल व्हिंटेज ठरू लागले, त्या वेळी त्याच्या हजारो बहिणी भंगारात गेलेल्या होत्या. राजेमहाराजांच्या गाड्यांच्या वंशावळी ग्रंथांत आहेत; हजारो कुटुंबे जगवणाऱ्या टॅक्सीची वंशावळ कोणी लिहायची?

आणि गाडीपेक्षाही झपाट्याने जाते आहे ती तिच्या कारागिराची विद्या. तळहाताने पत्रा वाचणारा माणूस चौथी शिकलेला असतो. तो लिहीत नाही, आणि लिहिणारे त्याला विचारत नाहीत. मी वडिलांची हत्यारे, त्यांची नावे आणि कामाच्या पायऱ्या वहीत टिपू लागले आहे. माझ्या वर्गबंधू-भगिनींना विनंती आहे, की आपापल्या घरातील, गल्लीतील अशा एका तरी कारागिराजवळ वही घेऊन बसा. गुरुजनांना विनंती, की प्रकल्पाच्या विषयांत गॅरेजलाही जागा द्यावी. अभिलेखागारातील कागद जपण्यास सरकार आहे. या हातांतले ज्ञान जपायचे असेल तर ते आपल्यालाच, आणि आताच, करावे लागेल.