अक्कलदाढेचा फंडा : अर्धी लढाई खुर्चीत बसण्याआधीच!

नाव अक्कलदाढ आणि येते साधारण सतरा ते पंचविसाव्या वर्षी. म्हणजे कॉलेज, पहिली नोकरी, पहिलं क्रेडिट कार्ड... आपल्याला वाटतं अक्कल केव्हाच आली, नेमकं तेव्हाच! जबड्यात जागा नसली की ही बया आडवी होते, अर्धी हिरडीखाली लपते. तिथे अन्न अडकतं, हिरडी सुजते आणि एक दिवस डेंटिस्ट शांतपणे म्हणतात, ''सर्जरी करावी लागेल.''

माझी खालची डावी दाढ अशीच आडवी. वर्षभरात तीनदा हिरडी सुजली, त्यामुळे ती काढायची हे नक्की झालं. पण ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, ''मुळं नसेच्या जवळ दिसतायत.'' ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. तिला धक्का लागला तर तिथे बधिरपणा येऊ शकतो. बहुतेकदा तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो, क्वचित कायमचा राहतो. ओठ हलतो, पण आपला वाटत नाही. आता मी कॉर्पोरेट ट्रेनर. दिवसाचे सहा तास बोलण्याचे मला पैसे मिळतात. टेन्शन येणार नाही तर काय?

तेव्हा मी एक फंडा ठरवला. धीर गोळा करत बसायचं नाही, माहिती गोळा करायची. घ्यायची आणि द्यायचीसुद्धा.

बिनधास्त विचारा

पहिला प्रश्न, ''ही काढायलाच हवी का?'' यात डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नाही. ब्रिटनमध्ये 'नाइस' या संस्थेनं २००० सालीच सांगितलं होतं, की काहीही आजार नसलेली अडकलेली अक्कलदाढ उगाच काढू नये. माझ्या बाबतीत वारंवार येणारी सूज हे ठोस कारण होतं.

दुसरा प्रश्न, ''नस किती जवळ आहे?'' ओपीजी हे सपाट चित्र. शंका असेल तर सीबीसीटी स्कॅन करतात, त्यात मुळं आणि नस यांच्यातलं अंतर तिन्ही बाजूंनी दिसतं. फारच जवळ असेल तर काही वेळा दाढेचा वरचा भाग काढून मुळं तशीच ठेवण्याचाही पर्याय असतो. माझ्या स्कॅनमध्ये मधे हाडाचा पातळ पडदा दिसला. तो बघितला आणि त्या रात्री मला झोप लागली.

तिसरा प्रश्न, ''करणार कोण?'' अशा केससाठी ओरल सर्जन, म्हणजे त्या विषयात एमडीएस केलेले डॉक्टर असलेले बरे. आणि चौथा, अर्थातच खर्च. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींमध्ये अपघात सोडला तर दातांचा खर्च धरत नाहीत, तेव्हा पॉलिसी आधीच वाचा. मुंबईत असाल तर सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आणि मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल कॉलेज हे खासगी क्लिनिकपेक्षा स्वस्त पर्याय आहेत. फक्त वेळ हाताशी ठेवा.

काहीही लपवू नका

क्लिनिकमधला तो फॉर्म आपण जिमच्या फॉर्मसारखा भरतो. तसं नका करू. दमा, डायबेटिस, बीपी, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, प्रेग्नन्सी, सगळं लिहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण मनानं बंद करू नका. सिगारेट आणि गर्भनिरोधक गोळ्या यांबद्दलही बोला. दोन्हींमुळे 'ड्राय सॉकेट'चा धोका वाढतो. म्हणजे खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जाते, हाड उघडं पडतं आणि सॉलिड दुखतं. आई सोबत बसली असेल तर तिला पाच मिनिटं बाहेर पाठवा, पण खरं सांगा!

वार कोणता?

आपण सगळे शुक्रवार मागतो, वीकेंडला आराम होईल म्हणून. पण हिशेब करा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, ड्राय सॉकेटचं दुखणंही साधारण तेव्हाच सुरू होतं. म्हणजे रविवारी, क्लिनिकला कुलूप असताना! मी मंगळवार घेतला. बॉसला सांगितलं, ''शुक्रवारपर्यंत मेल चालेल, कॉल नाही.'' आई म्हणाली, ''अगं, चार दिवस गप्प बसलीस तर बिघडेल का काही!''

घरची जय्यत तयारी

आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये बर्फ, घरात गोळ्या, आणि मूगडाळीची मऊ खिचडी, पेज, दही, केळी यांची सोय करा. पहिल्या दिवशी बर्फ गालाच्या बाहेरून, थोड्या थोड्या वेळानं. मिठाच्या कोमट पाण्यानं हलक्या चुळा चोवीस तासांनंतर. स्ट्रॉ, सिगारेट आणि जोरात थुंकणं बंद, कारण ती गुठळी जपायची असते.

फक्त जागा बधिर करणार असतील तर नाश्ता करून जा. सिडेशन किंवा पूर्ण भूल असेल तर सांगतील तितके तास उपाशी राहा आणि सोबत कुणाला तरी न्या. गाडी स्वतः चालवायची नाही.

भीती मात्र जुन्या काळातली आहे. अमेरिकेत होरेस वेल्स या डेंटिस्टनं १८४४ साली स्वतःची दाढ नायट्रस ऑक्साइड घेऊन काढून घेतली, त्याआधी सगळा मामला सहन करण्याचा होता. आज वापरतात ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं. दाब जाणवतो, कुरकुर आवाज येतो, पण दुखत नाही. दुखलं तर डावा हात वर करायचा, हे आमचं आधीच ठरलं होतं. मी एकदा केला. सर्जन थांबले, आणखी एक इंजेक्शन दिलं.

संध्याकाळी बधिरपणा उतरायला लागला आणि मी आरशासमोर बोट लावून ओठ तपासला. मुंग्या, मग टोचणं, मग माझाच ओठ! आठव्या दिवशी टाके निघाले, दहाव्या दिवशी मी ट्रेनिंग रूममध्ये होते.

उजवीकडची दाढ? ती हाडात पूर्ण गाडलेली, कसलाही त्रास नाही. ''तिच्यावर लक्ष ठेवू, पण तिला झोपू दे,'' सर्जन म्हणाले. कारण विचारलं, पटलं. आता पुढच्या वर्षीच्या तपासणीची तारीख माझ्या कॅलेंडरवर आहे.